सुईचा नंबर शेवटी

«डॉक्टर, देवगड तालुक्यातून लिहितोय, गावाचं नाव छापू नका. वय ३४. चार वर्षांपूर्वी एप्रिलात हापूसच्या कलमावरून पडलो. डी-८ मणक्याला मार लागला, कमरेखाली काही कळत नाही. व्हीलचेअरवर आहे, घराच्या पडवीत झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान चालवतो. पडलो तेव्हा लग्नाला अकरा महिने झाले होते. ताठरता अधूनमधून येते, पण बाहेर काहीच येत नाही. गेल्या महिन्यात चुलतभावाला घेऊन शहरातल्या एका सेंटरला गेलो. डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं, वृषणात सुई घालून शुक्राणू काढायचे, फ्रीझ करायचे, मग टेस्ट ट्यूब बेबी. खर्च दोन लाख चाळीस हजार, औषधं वेगळी. ‘जितका उशीर तितकी क्वालिटी उतरणार, निदान फ्रीझ तरी आज करून जा’ म्हणाले. काउंटरवरच्या बाईंनी हळूच सुचवलं, डोनर घेतलात तर कटकट नाही. आईने देवळात कौल लावला, ती देवस्की म्हणते. बायको ३१ वर्षांची, ती काहीच बोलत नाही. मला माझं मूल होऊ शकतं का? कलमं गहाण टाकू का?»

कलमं गहाण टाकू नका. निदान त्या एका सल्ल्यावर विसंबून तरी नको.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, होऊ शकतं. तुमच्या पत्रात जे लिहिलंय त्यावरून शक्यता चांगली वाटते. त्या सेंटरवाल्यांनी तुम्हाला खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. सुईने शुक्राणू काढता येतात, गोठवता येतात, त्यातून मूल होतं, सगळं खरं आहे. पण ती शेवटची पायरी. त्याआधी दोन पायऱ्या आहेत, त्या स्वस्त आहेत, आणि त्यांचं नावही तुमच्या कानावर कुणी घातलं नाही, याचा मला राग आहे.

आधी तुमच्या शरीरात नेमकं काय बिघडलंय ते समजून घ्या, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. विहिरीत पाणी आहे, पंपही धड आहे, फक्त घरातल्या बटणापासून पंपापर्यंतची वायर मधे तुटली आहे. वृषणात शुक्राणू तयार होतच असतात. ते बाहेर टाकण्याचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी वीर्य मूत्रमार्गाच्या मागच्या भागात गोळा होतं आणि मूत्राशयाचं तोंड बंद होतं, त्याचे हुकूम मज्जारज्जूच्या डी-१० ते एल-२ या भागातून सुटतात (डी म्हणजे पाठीचा भाग, एल कमरेचा, एस त्याखालचा; आकडा वाढेल तसं खाली जायचं). मग खालचे स्नायू आकसून ते बाहेर ढकलतात, ते काम एस-२ ते एस-४ कडे. तुमचा मार या दोन्हींच्या वरचा. म्हणजे मेंदूचा हुकूम पोचत नाही, पण खालचं खातं स्वतःच्या जिवावर चालू शकतं. त्याला खालूनच जागं करायचं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. हाडाची पातळी आणि आतल्या मज्जारज्जूची पातळी एक नसते. हाड डी-८ चं मोडलं असेल तर आतला मार एक-दोन भाग खालचा असू शकतो, आणि डी-१० च्या आसपास हा फरक महत्त्वाचा ठरतो. म्हणून तुम्हाला एक घरगुती प्रश्न विचारतो. कूस बदलताना, गार पाणी अंगावर घेताना पाय आपोआप उडतात का? कडक होतात का? उडत असतील तर त्याला शिव्या घालू नका. खालचे प्रतिक्षेप, म्हणजे मेंदूला न विचारता होणाऱ्या हालचाली, जिवंत असल्याची ती खूण आहे. ताठरता अधूनमधून येते असं तुम्ही लिहिलंय, तीही त्याच बाजूची.

पहिली पायरी म्हणजे व्हायब्रेटर. शब्द वाचून पान उलटू नका, हे औषधोपचारातलं यंत्र आहे. शिश्नाच्या टोकाखालच्या बाजूला ते दोन-तीन मिनिटं धरायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा धरायचं. बाजारातलं मानदुखीचं कुठलंही मशीन चालत नाही. सेकंदाला सुमारे १०० कंपनं आणि प्रत्येक कंपनाची झेप अडीच मिलिमीटर, एवढा जोर लागतो. मार डी-१० किंवा त्याच्या वरचा असेल तर शंभरातल्या ऐंशीहून अधिक पुरुषांना यातून वीर्य मिळतं. डी-११ किंवा त्याच्या खालचा असेल तर हाच आकडा विशीच्याही आत येतो. आता कळलं ना, मी पाय उडतात का हे का विचारलं?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी माझा एक पेशंट होता, वेंगुर्ल्याकडचा, माडावरून पडलेला. त्याच्यासोबत मी स्वतः गेलो होतो, कारण त्याच्या घरून यायला कुणी तयार नव्हतं. दंडाला बीपीचा पट्टा, पलंगावर रबरी चादर, आणि हजामाच्या मशीनसारखा बारीक घूंऽऽ आवाज. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत काही नाही. तिसऱ्या फेरीत त्याचं पोट दगडासारखं आवळलं, दोन्ही पाय ताठ होऊन थरथरले, आणि कपात चमचाभर वीर्य आलं. रंग कोऱ्या चहासारखा. तो घाबरला, रक्त समजला. मज्जारज्जूचा मार लागलेल्या बऱ्याच पुरुषांचं वीर्य असं तपकिरी असतं आणि त्या रंगाने काही बिघडत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तिथल्या टेक्निशियन मुलीने मलाच शिकवलं. तिने काच लावून त्याला सूक्ष्मदर्शकाजवळ ओढलं. वाकून बघताना व्हीलचेअरची चाकं लॉक करायची राहिली होती, मी मागून धरून उभा. बराच वेळ बघितलं त्याने. मग म्हणाला, «हळू जातत, पण जातत.»

हळू जातात हे खरंच आहे. तुमच्यासारख्या पेशंटमध्ये शुक्राणूंची संख्या बहुतेक वेळा ठीक असते, हालचाल कमी असते. दोष बराचसा भोवतालच्या द्रवात असतो. तुम्ही कॅथेटर वापरता असं धरून चालतो, तर आधी लघवीचं कल्चर करून घ्या, जंतू असतील तर औषध पूर्ण करा, मगच नमुना द्या. नाहीतर पसभरल्या नमुन्यावरून कुणीतरी तुमचं भविष्य सांगेल.

एक इशारा, तो कुणी गाळू नये. मार डी-६ किंवा त्याच्या वरचा असेल तर या उत्तेजनाने बीपी एकदम भडकू शकतं. डोकं फुटेल इतकं दुखतं, तोंडावर घाम येतो, आणि लक्ष दिलं नाही तर जिवावर बेततं. तुमचा मार त्याच्या खालचा आहे, तरी पहिली वेळ दवाखान्यातच, पट्टा बांधूनच. कुणी मशीन आणून दिलं म्हणून पडवीत प्रयोग नको. शिवाय तिथल्या कातडीला संवेदना नाही, त्यामुळे सालटं निघालं तरी तुम्हाला कळणार नाही. दर फेरीनंतर डोळ्यांनी बघायचं. आणि तेल, क्रीम काही लावू नका. आपल्याकडे खोबरेल प्रत्येक दुखण्यावर चालतं, इथे चालत नाही, शुक्राणूंना मारक ठरू शकतं.

व्हायब्रेटरने जमलं नाही तर दुसरी पायरी, विजेची. गुदद्वारातून एक सळई आत ठेवून थोडा थोडा प्रवाह देतात. हे तंत्र जनावरांच्या डॉक्टरांकडून आलंय, वळूंसाठी वापरतात, तुम्हाला कुणी ऐकवलं तर हसा आणि सोडून द्या. संवेदना अजिबात नसेल तर भूल लागत नाही, थोडी जरी असेल तर लागते. यात वीर्य बरेचदा मूत्राशयात उलटं जातं, म्हणून आधी लघवी पूर्ण काढून आत शुक्राणूंना सोसेल असा द्रव भरतात आणि नंतर तोही तपासतात. हे जवळजवळ सगळ्यांत जमतं.

आणि मग तिसरी, सुई. ती शेवटी का, ते नीट ऐका, कारण हाच तुमच्या दोन लाख चाळीस हजारांचा हिशेब आहे. सुईने वृषणातून मिळणारे शुक्राणू थोडे आणि अर्धेकच्चे असतात. ते फक्त एकाच कामाचे, एका स्त्रीबीजात एक शुक्राणू सुईने सोडायचा, ज्याला इक्सी म्हणतात, १९९२ पासून चालू असलेलं तंत्र. म्हणजे सुई तुम्हाला टोचली त्या क्षणी टेस्ट ट्यूब बेबी सक्तीची झाली. तुम्हाला एकदा टोचणार. तुमच्या बायकोला दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, सोनोग्राफीच्या खेपा, आणि भूल देऊन बीजं काढणं. काहीही न बोलणाऱ्या त्या बाईला हे कुणी सांगितलंय का?

उलट व्हायब्रेटरने कपात वीर्य मिळालं तर मार्ग आकड्यांवर ठरतो. प्रयोगशाळेत धुतल्यावर साधारण ५० लाखांच्या वर हलणारे शुक्राणू उरले, आणि बायकोच्या गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या असतील, तर गर्भाशयात सोडण्याचा साधा उपाय, आययूआय, करून बघण्यासारखा असतो. हालचाल चांगली असेल तर काही जोडप्यांना डॉक्टर घरचीच पद्धत शिकवतात: स्वच्छ कप, बिनसुईची सिरिंज, बीज सुटण्याचे दिवस लघवीच्या पट्टीवर बघायचे आणि तासाभरात काम उरकायचं. खर्च जवळपास नाही. आकडा फारच खाली आला तर इक्सी आहेच, पण तेव्हा तुम्ही डोळे उघडे ठेवून तिथे पोचलेले असाल. टेस्ट ट्यूबचं मला वावडं नाही. १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये जन्मलेल्या मुलीची बातमी मी विद्यार्थी असताना वाचली, अंगावर काटा आला होता. वावडं आहे ते दहा मिनिटांत तिथे पोचवण्याचं.

आता फ्रीझिंग. ‘जितका उशीर तितकी क्वालिटी उतरणार’ हे वाक्य तुमच्या बाबतीत बरोबर नाही. मज्जारज्जूच्या मारानंतर वीर्याचा दर्जा पहिल्या काही आठवड्यांतच उतरतो. त्यानंतर वर्षं गेली म्हणून तो धपाधप खाली येत राहत नाही. तुमची चार झाली आहेत. गणपतीपर्यंत थांबलात तर काही बुडत नाही. उलट गोठवून वितळवताना हलणाऱ्या शुक्राणूंपैकी निम्म्याच्या आसपास गळतात. ज्याचे मुळात हळू जातात त्याला ही गळती जास्त लागते. म्हणून व्हायब्रेटरने हवा तेव्हा ताजा नमुना मिळणार असेल तर ताजाच वापरावा, आणि एक-दोन नमुने राखीव म्हणून गोठवावेत. राखीव ठेवण्याला मात्र माझा पाठिंबा आहे. बीजं काढायच्या दिवशी नेमकं यंत्राने दगा दिला तर फ्रीझरमधला नमुना उपयोगी पडतो. मार नसलेल्या, धडधाकट पुरुषांनाही त्या दिवशी दवाखान्याच्या त्या खोलीत, बाहेर कुणीतरी दार वाजवत असताना, जमत नाही. पुरुष हे कुणाला सांगत नाहीत.

गोठवणं म्हणजे उणे १९६ अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवणं. नवीन खूळ नाही, अशा शुक्राणूंपासून १९५३ मध्येच गर्भ राहिले आहेत. ज्यांना याची खरी घाई असते ते वेगळे. कॅन्सरची केमो किंवा रेडिएशन सुरू होणार असलेला तरुण, त्याने पहिल्या सलाइनच्या आधी गोठवावं, नंतर नाही. आपल्या किनाऱ्यावरची जहाजावर सहा-आठ महिने जाणारी मुलंही, उपचार चालू असतील तर नमुना मागे ठेवून जाऊ शकतात. तुम्ही या रांगेत नाही.

गोठवायचं ठरलंच तर तीन गोष्टी कागदावर मागा. सेंटर आणि बँक २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदलेली आहेत का, नोंदणीचा क्रमांक भिंतीवर दिसला पाहिजे. वर्षाचं भाडं किती आणि चुकलं तर काय. आणि तुमचं बरंवाईट झालं तर नमुन्याचं काय करायचं, ते तुमच्या सहीने. शेवटचा प्रश्न नकोसा वाटतो, पण दिल्लीच्या उच्च न्यायालयात याच गोष्टीसाठी एका मृत तरुणाच्या आईवडिलांना जावं लागलं, निकाल २०२४ च्या ऑक्टोबरात लागला. त्याच कायद्यात वयाची मर्यादाही आहे, बाई ५० च्या आत, पुरुष ५५ च्या आत. तुम्हाला दोघांना भरपूर वेळ आहे.

वेळ मोजायचाच तर बायकोचा मोजा. गंमत बघा, एरवी मूल झालं नाही की पहिल्या दिवसापासून सुनेच्या तपासण्या सुरू होतात आणि नवरा बाहेर बाकावर बसून मोबाईल बघतो. तुमच्या घरी उलटं झालं. तुम्ही व्हीलचेअरवर, म्हणून दोष तुमचा हे सगळ्यांनी धरून टाकलं आणि तिला एकदाही कुणी तपासलं नाही. पाळी नियमित आहे का, थायरॉइड, एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी), नळ्यांचा एक्स-रे. तिच्या नळ्या बंद निघाल्या तर सिरिंजचा आणि आययूआयचा विचारच संपला, तुमच्या नमुन्यात कितीही जोर असो. हे आधी कळलं तर पैसे वाचतात.

डोनरबद्दल. त्यात कमीपणा नाही, ज्यांना गरज असते त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे. पण तुमचा एक थेंबही अजून काचेखाली गेलेला नाही. ज्याच्या विहिरीत कुणी पोहरा टाकून बघितला नाही त्याला टँकर सुचवायचा, असला हा प्रकार. आणि असला निर्णय काउंटरवर हळूच सुचवायचा नसतो, नवराबायकोला समोर बसवून विचारायचा असतो.

कौलाबद्दल मी काही बोलणार नाही, माझ्याही घरी लागतो. एवढंच विचारा आईला, की देवाने उजवा दिला की डावा हे सोडून, मशीन लावू नका असं कुठे म्हटलंय का?

याच आठवड्यात हर्णैहून दुसरं पत्र आलंय, त्याचंही दोन ओळींत सांगून टाकतो, कारण दोन्ही पत्रांत शब्द तोच आहे, ‘बाहेर काही येत नाही’. ते गृहस्थ चालते-फिरते, मच्छीचा धंदा, बारा वर्षं डायबेटिस. सुख होतं पण कोरडं, आणि नंतरची लघवी गढूळ. दादा, तुमचं वीर्य मूत्राशयात उलटं जातंय. साखरेने तिथल्या नसा मारल्या की मूत्राशयाचं तोंड बंद होत नाही. संबंधानंतरची लघवी तपासा, शुक्राणू दिसले की निदान झालं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा सायलोडोसिन चालू असेल तर तेही कारण असू शकतं, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. काहींना मूत्राशयाचं तोंड आवळणाऱ्या गोळ्या लागू पडतात, नाहीतर सोडा देऊन लघवीची आम्लता कमी करून तिच्यातूनच शुक्राणू वेचता येतात. तुम्हालाही सुई लगेच नको.

देवगडकरांकडे परत. ओरोस किंवा कणकवलीत तुमची एमआरआयची फाइल बघून खालचे प्रतिक्षेप तपासू शकेल असा यूरॉलॉजिस्ट गाठा. व्हायब्रेटर कुठे आहे ते फोन करूनच विचारा, मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेपासून सुरुवात करा. मज्जारज्जूचे पेशंट तिथे रोजचेच, त्यामुळे तुमच्याकडे कुणी टकमक बघणार नाही. फोनवर सरळ म्हणा, मला आधी व्हायब्रेटरने नमुना द्यायचाय. समोरचा गडबडला तर दुसरीकडे फोन लावा. जाताना दिव्यांग प्रमाणपत्र, लघवीचा रिपोर्ट, नेहमीपेक्षा दोन-तीन कॅथेटर जास्त.

रेल्वेचं तिकीट ६० दिवस आधी निघतं, आदल्या रात्री घड्याळ लावा. चतुर्थीच्या आसपास नको, तेव्हा गाडीत माणूस शिरत नाही तिथे खुर्ची कुठून शिरणार. सवलतीच्या तिकिटावर सोबत एक जण चालतो. या खेपेला चुलतभाऊ नको, बायकोला न्या. मशीन कसं धरायचं ते तिथे शिकवतात, आणि घरी आल्यावर ते धरणार ती आहे.